फाइलीतला व्हायरस आणि मुक्त ऑफिसची वाटचाल

१९९५ पर्यंत संगणकाला व्हायरस लागे तो मुख्यतः फ्लॉपीच्या बूट सेक्टरमधून, नाहीतर कुठूनतरी आणून चालवलेल्या प्रोग्राममधून. पत्र, अहवाल, पगारपत्रक अशा नुसत्या वाचायच्या फाइलींपासून धोका नाही, असे जाणकारही सांगत. त्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये ‘कन्सेप्ट’ नावाच्या व्हायरसने ही समजूत मोडीत काढली. वर्डची बाधित फाइल उघडली की पडद्यावर एक छोटी चौकट येई. तिच्यात फक्त ‘१’ हा आकडा आणि खाली ‘ओके’चे बटण. एवढ्यात व्हायरस वर्डच्या मूळ साच्यात, म्हणजे नॉर्मल डॉट या फाइलीत, जाऊन बसे. पुढे ‘सेव्ह ॲज’ करून साठवलेली प्रत्येक फाइल बाधित होई. कन्सेप्टने कोणाची माहिती पुसली नाही, पण तो झपाट्याने पसरला. मायक्रोसॉफ्टने स्वतः उत्पादक कंपन्यांना पाठवलेल्या विंडोज ९५ च्या चाचणीसाठीच्या एका सीडीतही तो निघाला.

याचे मूळ एका सोयीत होते. १९९३ च्या वर्ड ६ मध्ये ‘वर्डबेसिक’ ही छोटी प्रोग्रामिंग भाषा होती. तेच तेच काम पुन्हा पुन्हा हाताने करावे लागू नये म्हणून तिच्यात ‘मॅक्रो’ लिहिता येत. हे मॅक्रो फाइलीबरोबरच साठवले जात आणि ‘ऑटोओपन’ असे नाव दिलेला मॅक्रो फाइल उघडताक्षणी आपोआप चालू होई. त्यामुळे वरून कागद दिसणारी फाइल आतून प्रोग्राम झाली. १९९६ मध्ये एक्सेलमध्ये ‘लारू’ हा व्हायरस आला. १९९७ च्या ऑफिसमध्ये व्हिज्युअल बेसिकची अधिक ताकदवान आवृत्ती प्रमुख घटक-प्रोग्राममध्ये आली आणि व्हायरस लिहिणाऱ्यांना पूर्ण संगणकच मोकळा मिळाला. मॅक्रो असलेली फाइल उघडताना धोक्याची सूचना देण्याची सोय त्याच आवृत्तीत होती. पण कामाच्या घाईत माणसे ती सूचना न वाचताच पुढे जात.

२६ मार्च १९९९, शुक्रवार. ‘मेलिसा’ने या सगळ्याला ई-मेलची जोड दिली. परिचिताच्या नावाने ‘महत्त्वाचा निरोप’ अशा विषयाचे पत्र येई, सोबत वर्डची फाइल. ती उघडली की मेलिसा आउटलुकमधल्या पत्तेसूचीतले पहिले ५० पत्ते उचलून त्या सगळ्यांना तेच पत्र पाठवी. तिची दुसरी खोडी अधिक घातक होती. साचा बाधित झाल्यावर वापरणाऱ्याची स्वतःची फाइलही परक्यांच्या हाती पडू शके, मग ती गोपनीय का असेना. मोठमोठ्या कंपन्यांना आपले मेल सर्व्हर बंद ठेवावे लागले, खुद्द मायक्रोसॉफ्टलाही. न्यू जर्सीच्या डेव्हिड स्मिथला आठवड्याभरात अटक झाली. पुढे त्याने गुन्हा कबूल केला आणि २००२ मध्ये त्याला २० महिन्यांची कैद झाली. न्यायालयात नुकसानीचा आकडा ८ कोटी डॉलरहून अधिक मांडला गेला. मेलिसानंतर वर्षभराने, मे २००० मध्ये, फिलिपिन्समधून ‘आय लव्ह यू’ निघाला. तो वर्डचा मॅक्रो नव्हता, स्क्रिप्ट होती. पण विंडोज फाइलीच्या नावाचा शेवटचा भाग लपवत असल्याने ती साधी मजकुराची फाइल वाटे. ब्रिटिश संसदेला आपली ई-मेल यंत्रणा बंद करावी लागली. फिलिपिन्समध्ये त्या वेळी अशा गुन्ह्यासाठी कायदाच नसल्याने आरोपीवरचा खटला टिकला नाही.

या काळात जगातली बहुतेक कार्यालये एकच संगणकप्रणाली, एकच ऑफिस आणि एकच मेल प्रोग्राम वापरत होती. सप्टेंबर २००३ मध्ये डॅन गीर, ब्रूस श्नायर आणि इतर पाच सुरक्षातज्ज्ञांनी एका निबंधात या स्थितीवर बोट ठेवले. शिवारभर एकाच वाणाचे पीक असले की एक रोग सगळे बसवतो, तसेच संगणकांचे होते, हे त्यांच्या म्हणण्याचे सार. गीर ज्या सुरक्षा कंपनीत काम करत, तिची मायक्रोसॉफ्ट ही ग्राहक होती. निबंध निघाल्यावर गीर यांची नोकरी गेली.

पर्याय मात्र तोवर उभा राहिला होता आणि त्याची सुरुवात सुरक्षेच्या विचाराने झालेली नव्हती. जर्मनीतल्या ल्यूनेबुर्ग गावी मार्को ब्योरिस या शाळकरी मुलाने १९८० च्या दशकाच्या मध्यात ‘स्टार डिव्हिजन’ ही कंपनी काढली. तिच्या स्टाररायटर या लेखन-प्रोग्रामचे पुढे स्टारऑफिस झाले. ऑगस्ट १९९९ मध्ये, मेलिसानंतर पाचच महिन्यांनी, सन मायक्रोसिस्टिम्स या संगणक-कंपनीने ती कंपनी सुमारे ७ कोटी ३५ लाख डॉलरना विकत घेतली. सनमध्ये तेव्हा सुमारे ४२,००० कर्मचारी होते. त्या सगळ्यांसाठी मायक्रोसॉफ्ट ऑफिसचे परवाने घेण्यापेक्षा ही कंपनीच विकत घेणे स्वस्त पडले, असे सनमधले सायमन फिप्स यांनी पुढे सांगितले. मायक्रोसॉफ्टच्या उत्पन्नाचा मोठा झरा आटवायचा, हा डाव त्यामागे होताच. जुलै २००० मध्ये सनने स्टारऑफिसचा सोर्स कोड खुला करण्याची घोषणा केली, १३ ऑक्टोबर २००० ला तो खुला झाला आणि २००२ च्या मेमध्ये ओपनऑफिस डॉट ऑर्गची पहिली पूर्ण आवृत्ती आली. कोणीही ती फुकट उतरवून घ्यावी, कितीही संगणकांवर बसवावी, तिचा कोड वाचावा, बदलावा आणि पुढे वाटावा, अशी मुभा परवान्यातच होती.

या सॉफ्टवेअरचा प्रचार करणाऱ्यांच्या हाती व्हायरसांनी आयता मुद्दा दिला. ओपनऑफिसमध्ये वर्डचे व्हायरस चालत नाहीत, हे ते सांगत आणि त्यात तथ्य होते. वर्डची फाइल ओपनऑफिसमध्ये उघडली की तिच्यातला व्हिज्युअल बेसिकचा कोड टिपणीसारखा जपून ठेवला जाई, चालवला जात नसे. त्यामुळे मेलिसाची फाइल तिथे निव्वळ मजकूर ठरे. पण हे संरक्षण वेगळेपणातून आलेले होते, भक्कमपणातून नव्हे. एक्सेलमध्ये मॅक्रोंवर चालणारी हिशेबाची पाने ओपनऑफिसमध्ये नीट चालत नाहीत, अशी तक्रार कार्यालयांकडून येऊ लागली, तेव्हा नोव्हेलसारख्या कंपन्यांनी तेच मॅक्रो चालवण्याची सोय त्यात आणायला सुरुवात केली. सुसंगतता वाढली तसे ते वेगळेपण कमी होत गेले. प्रचारपत्रकांत ही बाजू क्वचितच आली.

संस्थांनी मुक्त ऑफिस स्वीकारले ते मुख्यतः खर्च आणि स्वायत्तता यांसाठी. फ्रान्सच्या जांदार्मरी या निमलष्करी पोलीस दलाने २००५ मध्ये ओपनऑफिसकडे वळायला सुरुवात केली आणि २००८ पासून उबुंटू ही मुक्त संगणकप्रणालीही घेतली. म्युनिक शहराची कथा अधिक गाजली. विंडोज एनटी ४ चा आधार संपत आल्यावर पालिकेपुढे प्रश्न आला की पुन्हा त्याच कंपनीची नवी प्रणाली घ्यायची का. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर सुट्टी अर्धवट सोडून महापौर क्रिस्टियन ऊडे यांना भेटायला आले आणि त्यांनी सवलतही देऊ केली. तरी मे २००३ मध्ये पालिकेने सुमारे १४,००० संगणक लिनक्स या मुक्त प्रणालीवर नेण्याचे ठरवले. २०१३ पर्यंत काम जवळजवळ पूर्ण झाले. त्यात सर्वांत कटकटीचे ठरले ते निरनिराळ्या विभागांनी वर्षानुवर्षे साठवलेले हजारो साचे आणि मॅक्रो. त्यांच्यासाठी पालिकेला ‘वोलमक्स’ हे स्वतंत्र साधन लिहावे लागले. ज्या मॅक्रोंनी व्हायरसांना दार उघडून दिले, त्याच मॅक्रोंनी कार्यालयांना जुन्या सॉफ्टवेअरशी बांधून ठेवले होते. २०१७ मध्ये नव्या राजकीय नेतृत्वाखाली म्युनिकने विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला.

या चळवळीचे सर्वांत टिकाऊ फळ मात्र फाइलीच्या स्वरूपात आहे. जुनी डॉक फाइल आतून बंदिस्त होती. तिची रचना मायक्रोसॉफ्टलाच पुरती ठाऊक होती. ओपनऑफिसच्या स्वरूपावरून बनलेले ओडीएफ हे मानक मे २००५ मध्ये ओएसिस या संस्थेने आणि २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने स्वीकारले. मायक्रोसॉफ्टचे प्रतिस्पर्धी स्वरूप जेव्हा त्याच संघटनेपुढे मतदानाला आले, तेव्हा भारताने विरोधात मत दिले. तरीही २००८ मध्ये तेही मानक झाले. कोणते कागदपत्र ५० वर्षांनी उघडता येईल, हा प्रश्न सरकारांच्या दृष्टीने व्हायरसइतकाच महत्त्वाचा आहे आणि तो मुक्त ऑफिसवाल्यांनी ऐरणीवर आणला.

सुरक्षेच्या दाव्याची झडती २००६ मध्येच सुरू झाली. मेच्या अखेरीस ‘स्टारडस्ट’ हा स्टारऑफिसच्या मॅक्रो भाषेत लिहिलेला नमुना-व्हायरस सापडला. जूनमध्ये आलेल्या ओपनऑफिसच्या २.०.३ आवृत्तीत तीन त्रुटी दुरुस्त केल्या गेल्या. त्यांतल्या एकीमुळे वापरणाऱ्याला न विचारता मॅक्रो चालू शकत होता. त्याच सुमारास फ्रान्सच्या रेन शहरातल्या लष्करी प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी ओपनऑफिसमध्ये व्हायरस लिहिणे किती सोपे आहे, हे सविस्तर मांडले. ज्या देशाचे पोलीस दल ओपनऑफिस स्वीकारत होते, त्याच देशाच्या लष्करी संशोधकांनी हा इशारा दिला होता. २००७ मध्ये ‘बॅडबनी’ आला. तो ओपनऑफिसच्या फाइलीतून विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर आपली रूपे टाकी. यांतला एकही फारसा पसरला नाही, कारण हल्लेखोरांच्या दृष्टीने ओपनऑफिस वापरणारे थोडेच होते.

दरम्यान हल्लेखोरही बदलले. गाजावाजा करणारे तरुण मागे पडले आणि हेरगिरी करणारे पुढे आले. मार्च २००९ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी ‘घोस्टनेट’ या हेरगिरीच्या जाळ्यावरचा अहवाल प्रसिद्ध केला. १०३ देशांतले १,२९५ संगणक त्यात अडकलेले आढळले आणि तपासाची सुरुवात झाली होती धरमशालेच्या दलाई लामांच्या कार्यालयापासून. तिथे येणारी पत्रे तिबेटी चळवळीतल्याच कोणाकडून आल्यासारखी दिसत. सोबतची वर्ड फाइल उघडली की नेहमीसारखा मजकूर दिसे आणि त्याच वेळी वर्डमधल्या एका त्रुटीचा फायदा घेऊन हेर-प्रोग्राम आत शिरे. त्याला त्या संगणकाचा कॅमेरा आणि मायक्रोफोनही चालू करता येई. संशोधकांनी अशीच एक फाइल ३४ अँटिव्हायरसांना दाखवली, तेव्हा फक्त ११ अँटिव्हायरसांनी ती ओळखली. इथे मॅक्रोचा प्रश्नच नव्हता. फाइल वाचणाऱ्या कोडमधल्याच चुका वापरल्या जात होत्या आणि अशा चुका बंद सॉफ्टवेअरमध्ये असतात तशा मुक्त सॉफ्टवेअरमध्येही असतात.

भारतात या इतिहासाला आणखी एक पदर होता. १९९० च्या दशकात आणि नंतरही असेंबल केलेल्या पीसीबरोबर विंडोज आणि ऑफिसची विनापरवाना प्रत सर्रास बसवून मिळे. तिला बहुतेक वेळा अपडेट मिळत नसत आणि ती चालवायला वापरलेल्या ‘क्रॅक’मधूनच अनेकदा व्हायरस येई. डीटीपीची दुकाने, सायबर कॅफे, शाळा इथे फ्लॉपी आणि मग पेनड्राइव्ह एका संगणकातून दुसऱ्यात फिरत. याच काळात पुण्यात, मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांनी संगणक-दुरुस्तीच्या व्यवसायातून ‘क्विक हील’ अँटिव्हायरस उभा केला. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत व्हायरस किती होते, याचा हा व्यवसायच पुरावा आहे.

सरकारी प्रयत्नही झाले. २००५ मध्ये केंद्र सरकारच्या भाषा-तंत्रज्ञान विभागाने एप्रिलमध्ये तमिळ आणि जूनमध्ये हिंदी अशा मोफत सॉफ्टवेअरच्या सीडी काढल्या. नंतर मराठीसह इतर भाषांच्या निघाल्या. फाँट, शब्दकोश यांबरोबर त्यांत ‘भारतीय ओपनऑफिस’ होते. सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ मध्ये ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली आणली. केरळने शाळांमध्ये मुक्त सॉफ्टवेअर रुजवले. महाराष्ट्रात मात्र संगणक-साक्षरतेचा राजमार्ग ठरला तो एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम. त्यात लाखो जण विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस शिकले आणि सरकारी नोकरीसाठी तेच ज्ञान मागितले गेले. मराठी मजकूर तर आणखी एका बंधनात होता. श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांच्या जुन्या फाँटांत टंकलेला मजकूर त्या त्या सॉफ्टवेअरशिवाय वाचता येत नसे, त्यामुळे कार्यालय बदलायला तयार असले तरी तिथल्या जुन्या फाइली तयार नसत. युनिकोड रुळल्यावरच ही अडचण सुटू लागली. मोफत सीडीतही एक उणीव होती. सीडी एकदा वाटली की तिच्यातले सॉफ्टवेअर त्या दिवसापाशीच थांबते. नवी आवृत्ती घ्यायची सवय कोणी लावली नाही, तर मुक्त सॉफ्टवेअरही जुने आणि म्हणून धोक्याचे होते. केंद्राचे मुक्त सॉफ्टवेअरविषयीचे धोरण यायला २०१५ साल उजाडले.

जानेवारी २०१० मध्ये ओरॅकल कंपनीने सन विकत घेतली. ओपनऑफिसचे पुढे काय, याबद्दल स्वयंसेवकांना शंका होती. २८ सप्टेंबर २०१० रोजी त्यांनी ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ जाहीर करून त्याच कोडवरून लिबरऑफिस सुरू केले. संस्थेच्या भांडवलासाठी ५०,००० युरोंची हाक दिली, ती रक्कम आठ दिवसांत जमली. स्टार डिव्हिजनच्या काळापासून कोडमध्ये जर्मन भाषेत राहिलेल्या टिपणांचे इंग्रजी करण्यापासून साफसफाईला प्रारंभ झाला. पुढे गूगलच्या यंत्रणेतून वेड्यावाकड्या फाइली सतत भरवून त्रुटी शोधण्याची पद्धतही आली. ओरॅकलने मूळ ओपनऑफिस २०११ मध्ये अपाचे फाउंडेशनला देऊन टाकले.

एकाच कोडच्या या दोन शाखांनी सुरक्षेचा धडा शिकवला, तो कोणत्याही प्रचारापेक्षा मोलाचा आहे. २०१५ मध्ये कोरियन भाषेच्या जुन्या फाइली वाचणाऱ्या भागात गंभीर त्रुटी सापडली. लिबरऑफिसने ती एप्रिलमध्येच दुरुस्त केली. अपाचे ओपनऑफिसने त्याच महिन्यात वापरणाऱ्यांना एक फाइल हाताने काढून टाकायला सांगितले आणि दुरुस्त आवृत्ती ऑक्टोबरमध्ये दिली. २०१६ मध्ये आणखी एक त्रुटी जाहीर झाली, तेव्हाही नवी आवृत्ती तयार नव्हती. त्या सप्टेंबरमध्ये प्रकल्पाच्या अध्यक्षांनी प्रकल्प बंद करावा लागला तर काय करायचे, हा विषय चर्चेला घेतला. काम करणारे मोजकेच उरले होते. तरी ओपनऑफिस हे जुने, ओळखीचे नाव असल्याने लोक ते लाखोंनी उतरवून घेत राहिले.

लिबरऑफिस निर्दोष होते असे नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये एका संशोधकाने दाखवले की पानभर पांढऱ्या अक्षरांत लपवलेल्या दुव्यावरून माउस नुसता फिरला, तरी सूचना न येता प्रोग्राम चालवता येतो. फरक एवढाच की ही माहिती बाहेर येण्याआधी लिबरऑफिसमधली दुरुस्ती झालेली होती आणि ओपनऑफिसमधली झाली नव्हती.

मोफत सॉफ्टवेअरच्या लोकप्रियतेचा फायदा भामट्यांनीही घेतला. ‘फ्री ऑफिस’ शोधणाऱ्यांना जाहिरातींचे प्रोग्राम जोडलेल्या प्रती मिळत, कधी मोफत वस्तूचेच पैसे उकळले जात. २०१५ मध्ये सोर्सफोर्ज या मोठ्या वितरण-स्थळावर मुक्त चित्र-संपादक गिंपची प्रतच जाहिरातींच्या वेष्टनात दिली गेल्याचे उघड झाले आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या जगाचा विश्वास हादरला.

मॅक्रो व्हायरस संपले असे वाटत असतानाच २०१४ नंतर ते परतले. ड्रायडेक्स, खंडणी मागणारा लॉकी, एमोटेट. फाइल उघडली की चित्र दिसे: ‘हा दस्तऐवज जुन्या आवृत्तीत बनवला आहे, वाचण्यासाठी वरचे बटण दाबा.’ बटण दाबणे म्हणजे मॅक्रोला परवानगी देणे. अमेरिकेतल्या ॲलनटाउन शहराला २०१८ मध्ये एमोटेटने जवळजवळ १० लाख डॉलरचा खर्च लावला. इंटरनेटवरून आलेल्या फाइलीतले मॅक्रो मुळातच बंद ठेवण्याचा निर्णय मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०२२ मध्ये जाहीर केला. कन्सेप्टनंतर त्याला २७ वर्षे लागली. या उशिराची किंमत जगभरच्या कार्यालयांनी भरली. बाजारावर पकड असलेल्या कंपनीला घाई नसते, हे मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचे म्हणणे इथे खरे ठरले.

एप्रिल २०२४ मध्ये जर्मनीच्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने सुमारे ३०,००० संगणकांवर लिबरऑफिस हेच प्रमाण ऑफिस ठरवले. तिथे युक्तिवाद व्हायरसांचा कमी आणि आपली माहिती आपल्या ताब्यात असावी याचा अधिक होता.

लिबरऑफिस मराठीतही मिळते. ज्या शाळेत, पतसंस्थेत किंवा ग्रंथालयात कोणे एके काळी सीडीवरून बसवलेले ओपनऑफिस अजून चालू आहे, तिथे ते आधी काढावे, डॉक्युमेंट फाउंडेशनच्या संकेतस्थळावरूनच लिबरऑफिसची चालू आवृत्ती घ्यावी, मॅक्रोची सुरक्षा ‘हाय’वर आहे तशीच ठेवावी आणि अपडेट करण्याची जबाबदारी एका माणसावर नावानिशी सोपवावी.